उणे तीन

मास्तर नवं गाणं बसवायला बसले की घरात कुकर लावायची बंदी असे. शिट्टीचा सूर गाण्यात मिसळतो आणि मग कानाला भलतंच ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं. बायको म्हणायची, "मग जेवा त्या गाण्यालाच." पण कुकर काही लावायची नाही. मास्तर कानांना हेडफोन लावून बसत. गाण्याचा वेग निम्म्यावर आणायचा, एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकायची, ती बोटांत उतरली की पुढची. आधी चाल, मग डाव्या हाताचे कॉर्ड, मग मुखडा आणि अंतऱ्याच्या मधला तो पीस, ज्यासाठी मूळ गाण्यात अख्खा ताफा बसलेला असतो आणि इथे मास्तरांची दहा बोटं. कुठे बासरीचा आवाज लावायचा, कुठे व्हायोलिनचा, ते ठरवून कीबोर्डच्या मेमरीत साठवून ठेवायचं. या कामात मास्तर तरबेज होते, यात वादच नाही. डोळे मिटून ऐकलं तर खरं कुठलं आणि मास्तरांचं कुठलं ते कळत नाही, असं लोक म्हणत.

डोळे उघडे ठेवून कुणी जरा वाकून पाहिलं असतं, तर मात्र एक गोष्ट कळली असती. मास्तर सगळी गाणी एकाच पट्टीत वाजवत. पांढरी एक, पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून. म्हणजे सगळ्यात सोपी, जिथे काळ्या पट्ट्यांच्या वाटेला फारसं जावंच लागत नाही. गाणाऱ्याला वरची पट्टी लागो की खालची, मास्तरांचा हात तिथून हलत नसे. कीबोर्डवर त्यासाठी एक बटण असतं. ते दाबलं की बोटं जागच्या जागी राहतात आणि आवाज आपोआप खाली किंवा वर सरकतो. छोट्या पडद्यावर आकडा येतो, उणे एक, उणे दोन. बटण वापरणं हा काही गुन्हा नाही, पुष्कळ चांगले वादक ते वापरतात आणि सांगूनसवरून वापरतात.

पण मास्तरांचा घरातच पुढच्या खोलीत क्लास होता, आणि त्या क्लासात हे बटण म्हणजे महापाप होतं. "कुबड्या घेऊन धावायचं असेल तर दुसरा मास्तर बघा," असं ते पहिल्याच दिवशी सुनावत. एकदा एका मुलीचं बोट चुकून त्या बटणावर गेलं, तर तिच्या आईच्या देखत मास्तरांनी तिला असं काही झापलं की पोरगी हमसून हमसून रडली. आईला उलट मास्तरांचं कौतुक वाटलं. शिस्त आहे हो, म्हणाली. मास्तरांनी तेही कौतुक खिशात घातलं. इतकी वर्षं लोकांना शिकवताना आपण स्वतः काय करतो याकडे त्यांनी सोयीस्कर कानाडोळा केला होता.

मास्तरांच्या कार्यक्रमात माणसं मोजकीच. कीबोर्डवर मास्तर. इलेक्ट्रॉनिक पॅडवर ताल धरणारा एक मित्र, ज्याला सगळे ठोक्या म्हणत. पुरुषांची गाणी म्हणणारे बँकेतले एक गृहस्थ. आणि बायकांची गाणी म्हणणाऱ्या वहिनी, म्हणजे मास्तरांच्या सख्ख्या मोठ्या भावाची बायको. खरं तर कार्यक्रम चालायचा तो वहिनींच्या गळ्यावर. दादाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वहिनींच्या गरम पाण्याचा थर्मास घेऊन तो प्रत्येक कार्यक्रमाला स्टेजच्या कडेला उभा असायचा.

आदल्या वर्षी वहिनींच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की बोलायला काही अडचण येणार नाही, वरच्या सुरांचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही. वहिनी किती तरी महिने गप्प होत्या. मग हळूहळू स्वयंपाकघरात गुणगुणायला लागल्या. दादाने मास्तरांना फोन करून सांगितलं, "अरे, आज ती गायली. पोळ्या करताना." एवढं सांगून तो फोनवरच रडला.

एका कारखान्याच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम मिळाला होता. त्यात एक अगदी नवं गाणं हवं होतं, त्या वर्षी जिथे तिथे वाजत होतं ते. वहिनी म्हणाल्या, मी म्हणते. तालमीत मास्तरांनी ते मूळ पट्टीत, म्हणजे योगायोगाने पांढरी एकमध्येच, धरलं तेव्हा अंतऱ्यात वहिनींचा आवाज अडकला. तीन सूर खाली आणून बघितलं, आणि तिथे तो वरचा सूर असा स्वच्छ लागला की ठोक्या हातातल्या काठ्या खाली ठेवून बघतच राहिला.

"हीच पट्टी माझी आता," वहिनी म्हणाल्या. "भावजी, एक विनंती करू? हे गाणं बटणावर नका ठेवू. हातात बसवा ना या पट्टीत."

"का हो? आवाज तर तोच येतो."

"येतो. पण स्टेजवर दहा व्यवधानं असतात. राहून गेलं तर?"

"राहून कसं जाईल? एवढ्या वर्षांत कधी गेलंय?" मास्तर हसले. "बटण दाबलं की झालं. उणे तीन. तुम्ही गळ्याकडे बघा, मी कीबोर्डकडे बघतो."

वहिनींनी विषय सोडला. दिरापुढे फार ताणून धरायची त्यांची पद्धत नव्हती. आणि मास्तरांना खरं सांगायचं तर आळस आला होता. तीन सूर खाली म्हणजे, मधली काळी पट्टीही मोजून, पांढरी सहा. तिथे तीन काळ्या पट्ट्या सांभाळाव्या लागतात आणि तो मधला पीस तर नव्यानेच शिकावा लागला असता.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. दुसऱ्या रांगेत मास्तरांच्या क्लासची मुलं, त्यांचे आईबाप, आणि त्यांत ती झाप खाल्लेली मुलगी आणि तिची आई. बँकवाल्यांचं गाणं झालं. त्यात मास्तरांचा एक लांबलचक तुकडा होता, तो त्यांनी असा वाजवला की लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. क्लासची मुलं तर शिट्ट्या मारायला लागली. मास्तर उभे राहिले. छातीवर हात ठेवून वाकले. पुन्हा वाकले. मग रांगेकडे बघून हात हलवला, आणि त्याच तोऱ्यात खाली बसून मेमरीचं बटण दाबलं आणि वहिनींच्या गाण्याची सुरुवात वाजवायला घेतली.

वहिनींनी मुखडा उचलला. पहिल्या ओळीला त्यांनी किंचित मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीला मास्तरांची नजर पडद्यावर गेली. आकडा शून्य होता.

मेमरीने बासरी आणली होती, ताल आणला होता, पण पट्टीचा आकडा ती साठवत नव्हती. तो दर वेळी हाताने दाबावा लागे, आणि हात तर लोकांना दाखवण्यात गुंतला होता. वहिनी मूळ पट्टीत गात होत्या, त्याच पट्टीत जिथे त्यांचा आवाज अडकला होता. मुखडा खालच्या सुरांत होता म्हणून कसाबसा निभावत होता. अंतरा पुढे होता.

अजूनही वेळ होती, आणि हीच गोष्ट पुढे मास्तरांना जेवू देईना. मुखड्यानंतर मधला पीस येणार होता. तो संपता संपता क्षणभर हात थांबवायचा, बटण तीनदा दाबायचं, वहिनींना नवा सूर द्यायचा. लोकांना जरासा धक्का जाणवला असता, हसले असते थोडे, आणि काम झालं असतं. मास्तरांचं बोट बटणापर्यंत गेलंही. तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं. दुसऱ्या रांगेतली ती मुलगी मान उंच करून त्यांच्या हातांकडेच बघत होती, टक लावून.

मास्तरांनी बोट मागे घेतलं.

अंतऱ्यात वहिनींचा आवाज फाटला. एकदा फाटला, त्यांनी सावरला, पुढच्या ओळीला पुन्हा फाटला, आणि मग सूर लागायच्या ऐवजी नुसती हवा आली. वहिनींनी माइक जरा दूर धरला आणि उरलेली ओळ जवळजवळ बोलून काढली. मास्तरांनी गाणं गुंडाळलं. टाळ्या पडल्या, आजारी माणसाच्या पाठीवरून हात फिरवावा तशा. कडेला दादा थर्मास उघडून उभा होता. वहिनी त्याच्याजवळ गेल्या, पाणी घेतलं नाही, आणि खुर्चीवर बसल्या त्या शेवटपर्यंत उठल्या नाहीत.

सामान आवरताना ठोक्या हळूच म्हणाला, "वाईट वाटलं रे. गेला वहिनींचा गळा." ठोक्याला सगळ्या पट्ट्या सारख्याच. बँकवाले आपलं गाणं आटोपून चहाला गेले होते. म्हणजे ठाऊक होतं ते एकट्या मास्तरांना. "हं," मास्तर म्हणाले आणि वायर गुंडाळत राहिले. ती वायर त्यांनी गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

आज सांगू, उद्या सांगू असं करत दिवस गेले. सांगायला जावं तर जीभ रेटेना. आणि न सांगता बसावं तर क्लासात कुठल्या मुलाला काही बोलायची सोय उरली नव्हती. एका मुलाने चुकीचं बोट ठेवलं आणि मास्तर सवयीने ओरडायला गेले, तर ओरडण्याच्या मध्येच त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते खोकल्याचं निमित्त करून आत पाणी प्यायला गेले.

मग एका संध्याकाळी दादा आला. हातात वहिनींचा माइक होता, त्याच्या डबीसकट. हा माइक वहिनींनी स्वतःच्या पहिल्या कमाईतून घेतला होता आणि त्या तो कुणाला हातही लावू देत नसत.

"तिने दिलाय. क्लासमधल्या मुलींना होईल म्हणाली."

"अरे, पण..."

"पुढच्या कार्यक्रमाला दुसरी गायिका बघ म्हणाली." दादा खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. "एक विचारू? तुला त्यातलं कळतं, मला काही कळत नाही. खरं सांग. आवाज परत येईल का तिचा?"

याहून सरळ प्रश्न मास्तरांना जन्मात कुणी विचारला नव्हता. उत्तर ओठांपर्यंत आलं होतं. समोर मोठा भाऊ बसला होता, ज्याने मास्तरांचा पहिला कीबोर्ड स्वतःच्या खांद्यावरून घरी आणला होता.

"विश्रांती द्यावी लागेल," मास्तर म्हणाले.

दादाने मान हलवली. "तेच मला वाटलं," म्हणाला आणि गेला. दार लागल्यावर बायको आतून आली. टेबलावरचा माइक बघून तिने विचारलं, "काय झालं?" मास्तर म्हणाले, "काही नाही." आणि त्या क्षणी त्यांना आपली एवढी किळस आली की धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं खरोखर वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी क्लासच्या आधी मास्तर कीबोर्डवर बसू लागले. पडद्यावर शून्य. पांढरी सहा. ते गाणं, ज्याच्या पहिल्या ओळीत त्यांचा हात एरवी झोपेतही फिरला असता, त्याच्या पहिल्याच ओळीत त्यांची बोटं अडखळली. डोकं सांगत होतं काळी, आणि बोट जात होतं पांढरीवर. मधल्या पीसमध्ये तर अंगठा कुठून घ्यायचा हेच कळेना. नव्या मुलासारखे ते एक एक हात वेगळा करून वाजवत होते. बायकोने दोन दिवस ऐकलं आणि म्हणाली, "अहो, हे नक्की तुम्हीच वाजवताय ना?" मास्तरांनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली. कुकरची शिट्टी झाली तरी बोलले नाहीत.

गाणं हाताखाली यायला बराच वेळ लागला. आल्यावर मास्तरांनी कीबोर्ड उचलला, माइकची डबी खिशात घातली आणि दादाच्या घरी गेले.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. कीबोर्ड बघून त्यांनी हात जोडले. "भावजी, नको हं. मनाची समजूत घातलीय मी आता कशीबशी."

"एकदाच. घरातल्या घरात. नाही जमलं तर मी पुन्हा नाव काढणार नाही."

दादा दारात येऊन उभा राहिला. मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर कीबोर्ड ठेवला आणि सुरुवात वाजवली, हाताने, पांढऱ्या सहातून. वहिनी घड्या घालतच राहिल्या. मुखडा आला आणि गेला. मास्तरांनी तो पुन्हा वाजवला. तेव्हा वहिनींनी घडीकडे बघत बघतच, अगदी खालच्या आवाजात ओळ धरली. मधला पीस झाला. एके ठिकाणी मास्तर चुकले, पुढे गेले. अंतरा आला, आणि तो वरचा सूर लागला. तालमीत लागला होता तसाच, स्वच्छ. वहिनी ओळ संपवून थांबल्या आणि हातातला दादाचा शर्ट तोंडावर धरून रडू लागल्या.

"अगं, आला की!" दादा म्हणाला. "आला ना रे?"

"मी त्या दिवशी घाबरले असणार," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "सुरुवातीपासून सगळं चढंच वाटत होतं. म्हटलं, झालं, गळा गेला. भावजी, तुम्ही आज आला नसता ना, तर मी जन्मात तोंड उघडलं नसतं. तुमचे उपकार..."

"वहिनी, थांबा."

इथे मास्तरांना सुटायला वाट होती. नुसतं हसायचं होतं. पण उपकार हा शब्द त्यांना सोसवला नाही.

"तुम्ही घाबरला नव्हता. चढंच होतं. मूळ पट्टीत वाजवलं मी."

"म्हणजे? कीबोर्ड बिघडला होता?"

हो म्हटलं असतं तर तेही खपलं असतं.

"नाही. बटण दाबायला विसरलो. टाळ्या घेत होतो."

मग वहिनींनी विचारलं, "तुम्हाला कळलं कधी?"

"दुसऱ्या ओळीला."

"गाणं चालू असताना?"

"हो."

"मग मधल्या पीसमध्ये का नाही उतरवलंत?"

"समोर क्लासची मुलं होती," मास्तर म्हणाले. त्यांची मान इतकी खाली गेली होती की त्यांना फक्त कीबोर्डच्या पट्ट्या दिसत होत्या. "त्यांना बटणाला हात लावू देत नाही मी. लोक बघत होते, वहिनी."

"लोक माझ्याकडे बघत होते, भावजी."

दादा दारातून पुढे आला. "मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. "तुझ्या घरी येऊन विचारलं होतं." एवढंच बोलून तो आत निघून गेला. त्याने एक सणसणीत ठेवून दिली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

मास्तरांनी माइकची डबी टेबलावर ठेवली. वहिनींनी ती उघडून पाहिली आणि मिटली. "मी गाईन," त्या म्हणाल्या. "पण माझा गळा गेला असं काही मला एकटीलाच वाटत नाहीये. अख्ख्या सभागृहाला वाटतंय."

"सांगतो मी त्यांना," मास्तर म्हणाले.

पुढचा कार्यक्रम त्याच सभागृहात होता. पुष्कळशी माणसंही तीच, दुसऱ्या रांगेत क्लासची मुलं आणि त्यांचे आईबाप. दादा आला होता. थर्मास घेऊन कडेला उभा होता, पण मास्तरांशी तो अजून धड बोलत नव्हता. वहिनींच्या गाण्याची वेळ आली तेव्हा मास्तर उठून माइकपाशी गेले. भाषण करायची त्यांना सवय होती, पण हे भाषण नव्हतं.

"मागच्या कार्यक्रमात वहिनींचा आवाज फाटला, तो त्यांच्यामुळे नाही," ते म्हणाले. "चूक माझी होती. मी बटणावर पट्टी बदलून वाजवतो. त्या दिवशी बदलायला विसरलो आणि कळल्यावरही गप्प बसलो. वहिनींच्या गळ्याला काही झालेलं नाही. क्लासमधल्या मुलांना मी जे सांगतो ते मी स्वतः करत नव्हतो. मला लाज वाटते."

मग टाळ्या सुरू झाल्या. आधी मागून, मग सगळीकडून, आणि कुणीतरी उठून उभंसुद्धा राहिलं. मास्तर गोंधळून बघत राहिले. टाळ्या ओसरताना दुसऱ्या रांगेतल्या त्या मुलीच्या आईने शेजारणीला सांगितलेलं स्टेजवर स्पष्ट ऐकू आलं.

"बघितलंत? वहिनींचं अपयश स्वतःच्या अंगावर घेतलं. केवढं मोठं मन!"

शेजारणीने पदर डोळ्यांना लावला. "हल्ली असे दीर कुठे मिळतात हो!"

मास्तरांनी पुन्हा तोंड उघडलं, "नाही, तसं नाही, खरंच..." तर लोक आणखी टाळ्या वाजवायला लागले. जितकं नाही म्हणावं तितके ते मोठे होत चालले होते. फक्त ती मुलगी टाळ्या वाजवत नव्हती. तिने एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा कीबोर्डकडे पाहिलं, आणि नजर खाली वळवली. तिला खरं वाटलं होतं.

मास्तर परत येऊन कीबोर्डवर बसले. वहिनी आपला माइक हातात घेऊन त्यांच्या बाजूला आल्या, वाकल्या आणि पडद्यावरचा आकडा बघितला. शून्य. मग त्यांनी मास्तरांचे हात बघितले, कुठल्या पट्ट्यांवर आहेत ते. लोकांना वाटलं, वहिनी दिराला धीर देताहेत, आणि पुन्हा थोड्या टाळ्या पडल्या.

"खरं बोललात तरी नाव तुमचंच झालं," वहिनी हळूच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि मास्तरांना तर तो हवा होता. "वाजवा आता."

त्या माइकच्या जागी गेल्या. मास्तरांनी मान वर न करता पांढऱ्या सहातून गाण्याला सुरुवात केली.